निकाल थांबला तेव्हा मूल कुठे बसवायचं? २०२४ च्या आरटीई प्रवेशातलं एक प्रकरण

पुण्याच्या एका उपनगरातल्या कुटुंबाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाचे निर्णय कसे घेतले, याची ही मांडणी आहे. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे आणि शाळांचे तपशील सैल ठेवले आहेत. शासकीय तारखा, नियम आणि न्यायालयीन आदेश जसे होते तसेच दिले आहेत.

पार्श्वभूमी

शिक्षण हक्क कायदा (आरटीई), २००९ च्या कलम १२(१)(सी) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशस्तरावरच्या, म्हणजे शाळा ज्या वर्गापासून मुलं घेते त्या वर्गाच्या, किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना यातून सूट आहे. या मुलांचा खर्च शासन शाळेला देतं. महाराष्ट्रात ही प्रतिपूर्ती वर्षाला प्रतिविद्यार्थी १७,६७० रुपये किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी कमी असेल ती रक्कम अशी होती. पैसे वेळेवर मिळत नाहीत ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. २०२३-२४ मध्ये राज्यात ८,८०० च्या आसपास शाळा, लाखभर जागा आणि साडेतीन लाखांहून अधिक अर्ज होते. म्हणजे एका जागेमागे तीनपेक्षा जास्त मुलं.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने अधिसूचना काढून नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटर परिघात शासकीय किंवा अनुदानित शाळा आहे, त्या खासगी शाळेवर २५ टक्क्यांचं बंधन राहणार नाही असं ठरलं. कर्नाटकाने २०१८ च्या अखेरीस जवळपास हाच मार्ग धरला होता. पुण्यामुंबईसारख्या शहरात एक किलोमीटरच्या वर्तुळात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही अशी खासगी शाळा सापडणं अवघडच. त्यामुळे यादीतून बहुतेक इंग्रजी शाळा गळाल्या आणि त्यांच्या जागी सरकारी व अनुदानित शाळांची भर पडली. कागदावर शाळांची संख्या पंचाहत्तर हजारांच्या वर आणि जागा आठ लाखांच्या वर गेल्या.

कुटुंब आणि परिसर

वडील रिक्षा चालवतात, आई घरी शिलाईकाम करते. दोघंही मूळचे धाराशिव जिल्ह्यातले. मुलगी २०१८ च्या ऑगस्टमधली, म्हणजे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत सहा वर्षं पूर्ण करणारी, पहिलीसाठी पात्र. धाकटा मुलगा अंगणवाडीत. घर भाड्याचं, भाडं ७,०००, अनामत २०,०००. भाडेकरार नोटरीकडे केलेला. वडिलांचा इतर मागास वर्गाचा जातीचा दाखला गावाकडून काढलेला होता. रेशनकार्ड गावच्याच पत्त्यावर.

घरापासून चालत दहा मिनिटांवर महापालिकेची शाळा आहे. मराठी माध्यमाची, पहिलीपासून सेमी-इंग्रजी तुकडी असलेली. एक किलोमीटरच्या आत पहिलीपासून आरटीई प्रवेश देणाऱ्या तीन खासगी इंग्रजी शाळा. चौथी एक शाळा जवळ होती, पण तिचा प्रवेशस्तर नर्सरी असल्याने पहिलीत जाणाऱ्या मुलीला तिथे अर्जच करता येत नव्हता. ही गोष्ट पालकांना फार उशिरा कळते. यादीत शाळेच्या नावापुढे प्रवेशस्तर दिलेला असतो, तो आधी बघावा.

अडचण

आईची इच्छा इंग्रजी शाळेची. कारण विचारल्यावर तिचं उत्तर सरळ होतं. शेजारच्या मुलांना दुकानातल्या पाट्या वाचता येतात, आपल्याला मोबाइलवरचा इंग्रजी मेसेजही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, मुलीचं तसं नको. वडिलांना महापालिकेच्या शाळेबद्दल राग नव्हता. फक्त, 'तिथं सगळे आपल्यासारखेच,' एवढं ते म्हणत. फी भरून खासगी शाळेत घालायचं तर वर्षाचे तीस-पस्तीस हजार जाणार. दोन मुलांचा हिशेब केला की तो रस्ता बंद होता.

म्हणजे निवडीला वाव होता, पण तीन गोष्टींनी बांधलेला. एक अंतर, दुसरे कागद, तिसरं वेळापत्रक. २०२४ साली वेळापत्रकच कोलमडलं.

पहिला निर्णय: एप्रिलमधला अर्ज

१६ एप्रिलला नव्या नियमानुसार अर्ज सुरू झाले. पोर्टलवर या घराच्या परिघात दिसल्या त्या महापालिकेच्या आणि अनुदानित शाळा. तिन्ही खासगी शाळा गायब.

इथे दोन पर्याय होते. अर्ज भरून ठेवायचा, किंवा थांबायचं. अनेकांनी 'भरून तर ठेवू' असं म्हटलं. पण महापालिकेच्या शाळेला मूल नाकारताच येत नाही. तिथे प्रवेश हा मुलीचा हक्क आहे, त्यासाठी सोडत कशाला? ज्या दारातून कधीही आत जाता येतं त्याच दारासाठी चिठ्ठी टाकण्यात अर्थ नव्हता. राज्यभर अर्जांचा ओघ आटला तो याच कारणाने. आठ लाखांच्या वर जागा दाखवूनही मागणी आधीच्या वर्षीच्या जवळपासही गेली नाही. पालकांना आरटीई नको होतं असा अर्थ काहींनी काढला, तो चुकीचा आहे. त्यांना हवं होतं ते यादीत उरलंच नव्हतं.

या कुटुंबाने थांबायचं ठरवलं. मात्र थांबण्याच्या काळात कागद पूर्ण करायचे, असं स्थानिक मदत केंद्रावर त्यांना सांगण्यात आलं आणि त्यांनी ते ऐकलं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं राहिलं.

पत्त्याचा कागद

आरटीईमध्ये मुलं नापास होतात ती रहिवासी पुराव्यात. रेशनकार्ड गावचं, वीजबिल घरमालकाच्या नावाचं, आधारवर जुना पत्ता. भाडेकरूसाठी उरतो तो भाडेकरार, आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा लागतो. नोटरीचा करार पडताळणीत चालत नाही. अर्ज भरताना पोर्टल काही हटकत नाही, सोडतीत नावही लागतं, आणि मग पडताळणी समितीपुढे कागद मांडल्यावर प्रवेश जातो. ही सगळ्यात वाईट वेळ, कारण तोवर परतीचे रस्ते संपलेले असतात.

घरमालक नोंदणीला तयार नव्हते. आयकर मागे लागेल, भाडेकरू हक्क सांगेल, ही नेहमीची भीती. त्यांच्याशी बोलताना दोन मुद्दे उपयोगी पडले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर करारातल्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. नोंदणी केल्याने मालकच सुरक्षित होतो. हे दुसरं ऐकल्यावर ते तयार झाले.

खर्च किती? लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घरभाड्याच्या, करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असतं. ७,००० गुणिले ११ म्हणजे ७७,०००. त्यात परतीच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, साधारण १,८००, मिळवायचं. शुल्क आलं दोनशे रुपयांच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटची फी वेगळी. म्हणजे अडथळा पैशांचा कमी आणि मनधरणीचा जास्त. नोंदणी ऑनलाइन होते, दोन्ही पक्षांचे आधार आणि अंगठे लागतात. करार मेच्या दुसऱ्या आठवड्यात नोंदला गेला.

दुसरा निर्णय: कोणत्या गटातून अर्ज?

६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नव्या नियमाला स्थगिती दिली. १७ मेपासून जुन्या नियमानुसार अर्ज पुन्हा सुरू झाले. एप्रिलमध्ये भरलेले अर्ज बाद झाले, त्या पालकांना सगळं नव्याने करावं लागलं. मुदत ३१ मेपर्यंत होती, ती ४ जूनपर्यंत वाढली.

जवळच्या इंटरनेट सेंटरवाल्याने फॉर्ममध्ये 'दुर्बल घटक' निवडला आणि एक लाखाच्या आतलं उत्पन्न दाखवणारा दाखला आणायला सांगितलं. 'सगळे तेच करतात,' असंही सांगितलं. रिक्षा चालवून पुण्यात दोन मुलं वाढवणाऱ्या माणसाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत कसं बसेल? खोटा दाखला निघालाही असता. पण त्याची गरजच नव्हती. एक लाखाची अट दुर्बल आर्थिक घटकासाठी आहे. इतर मागास वर्ग, अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि दिव्यांग मुलं वंचित घटकात येतात, त्यांना उत्पन्नाची अट नाही. वडिलांचा जातीचा दाखला पुरेसा होता. खोट्या कागदावर मिळालेला प्रवेश पुढे तक्रार झाली की रद्द होतो, आणि मूल तिसरीत असताना तो रद्द झाला तर त्याची किंमत मुलाने मोजायची असते. अर्ज वंचित घटकातून भरला गेला.

नकाशावरचा फुगा

पोर्टलवर पत्ता लिहिल्यावर नकाशा उघडतो आणि त्यावर एक लाल फुगा दिसतो. घर आणि शाळा यांतलं अंतर हा फुगा जिथे टेकतो तिथून हवाई मार्गाने मोजलं जातं, रस्त्याने नाही. सेंटरवाले घाईत असतात. पत्ता टाकला की फुगा परिसराच्या कुठल्यातरी मध्यबिंदूवर येऊन थांबतो आणि तसाच पुढे ढकलला जातो. या अर्जातही तो पहिल्यांदा हमरस्त्यावरच्या चौकात होता. तिथून दोन शाळा एक किलोमीटरच्या बाहेर जात होत्या.

आईला नकाशा वाचता येत नव्हता, पण गल्ली पाठ होती. 'टाकीच्या अलीकडं नाही, पलीकडं. पीठगिरणी दिसली का? तिच्या मागचं.' उपग्रहचित्र मोठं केल्यावर पाण्याच्या टाकीचा गोल दिसला, त्याच्या शेजारची पत्र्यांची रांग दिसली, आणि फुगा तिथे ओढून आणला. तिन्ही शाळा एक किलोमीटरच्या आत आल्या. प्रवेशात आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग एक ते तीन, मग त्यापलीकडची, असा क्रम तेव्हा होता. त्यामुळे या काही सेकंदांच्या कामाने मुलीचं नाव मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत आलं. मुद्दाम चुकीच्या जागी फुगा ठेवणारेही असतात. पडताळणीत पत्ता आणि अंतर जुळलं नाही की त्यांचा प्रवेश रद्द होतो, तो व्हायलाच हवा.

शाळा निवडताना

दहा शाळांपर्यंत पर्याय देता येत होते. आईवडिलांनी तीनच दिल्या. हा निर्णय चर्चेचा आहे. दूरच्या शाळा टाकल्या असत्या तर कुठेतरी नंबर लागण्याची शक्यता थोडी वाढली असती. पण नाव लागूनही प्रवेश घेतला नाही, तर त्या मुलाचा पुढच्या फेऱ्यांत विचार होत नाही. चार किलोमीटरवरची शाळा, तिथे जायला महिन्याला व्हॅनचे पैसे, आणि वडिलांची रिक्षा दुपारी भाड्यावर. जिथे जाणारच नाही ती शाळा यादीत टाकणं म्हणजे आपलीच वाट अडवणं. त्यांनी ते टाळलं, हे बरोबरच होतं.

तिन्ही शाळा त्यांनी बाहेरून पाहिल्या, एकीत आत जाऊन बोलले. विचारायचे प्रश्न आधी ठरवून घेतले होते: आरटीईची मुलं त्याच वर्गात बसतात की वेगळ्या तुकडीत? गणवेश, वह्या, सहल, स्नेहसंमेलन यांचे पैसे मागतात का? पालकसभा कोणत्या भाषेत होते? पटावर किती मुलं? इमारत आणि कॉम्प्युटर लॅब याबद्दल शाळा स्वतःहून सांगते, ते विचारावं लागत नाही. पालकसभेच्या भाषेबद्दल मात्र कोणीच सांगत नाही. एका शाळेने स्वच्छ उत्तर दिलं की सभा इंग्रजीत होते, पण वर्गशिक्षिका नंतर मराठीत बोलतात. ती शाळा त्यांनी पहिल्या क्रमांकावर ठेवली.

महापालिकेच्या शाळेत मात्र ते मेमध्ये गेले नाहीत. ती आहेच, असं गृहीत धरलं. इथे एक संधी हुकली, त्याबद्दल पुढे.

तिसरा निर्णय: १५ जून

हे या प्रकरणाचं मर्म आहे. ७ जूनला राज्यस्तरीय सोडत काढली गेली. पण नियमाविरुद्धच्या याचिका न्यायालयात प्रलंबित होत्या, त्यामुळे निकाल जाहीर झाला नाही. तिकडे १५ जूनला विदर्भ वगळता राज्यातल्या शाळा सुरू झाल्या. नाव लागलं आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही, निकाल कधी येणार हेही माहीत नाही. सुमारे २ लाख ४२ हजार मुलांचे अर्ज होते, आणि त्यांच्या घरात एकच प्रश्न होता: मूल कुठे बसवायचं?

पर्याय तीन होते. पहिला, घरी ठेवायचं. वस्तीतल्या बऱ्याच पालकांनी हाच निवडला, कारण 'दुसरीकडे नाव घातलं तर आरटीईचं जाईल' ही अफवा सगळीकडे होती. दुसरा, खासगी शाळेत पहिला हप्ता भरून जागा धरायची. काहींनी कर्ज काढून हप्ता भरला. पण आरटीईत दुसरी शाळा लागली तर भरलेली फी परत मिळेल याची हमी नव्हती. तिसरा, महापालिकेच्या शाळेत नाव घालायचं आणि निकाल आल्यावर पुन्हा ठरवायचं.

आई पहिल्या पर्यायाकडे झुकली होती. तिला समजावताना तीन गोष्टी मांडल्या गेल्या. महापालिका शाळेतल्या प्रवेशामुळे सोडतीतलं नाव जात नाही. दुसऱ्या शाळेत जायचं ठरलं तर मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला तातडीने द्यायचा असतो, ही कायद्यातच तरतूद आहे. आणि पहिलीचे पहिले सहा आठवडे फुकट घालवण्यासारखे नसतात. रांगेत बसणं, पेन्सिल धरणं, बाईंचं ऐकणं, ठरलेल्या वेळी डबा खाणं, अक्षराला आवाज असतो हे उमगणं, हे सगळं याच काळात होतं, मग माध्यम कोणतंही असो.

१८ जूनला मुलीचं नाव महापालिकेच्या सेमी-इंग्रजी तुकडीत लागलं. पुस्तकं पहिल्याच दिवशी मिळाली. दुपारचं जेवण शाळेतच. वर्गशिक्षिका बाईंनी पहिल्या आठवड्यातच आईला बोलावून मुलगी 'द' आणि 'ड' आवाजात गोंधळते हे सांगितलं आणि घरी काय खेळायचं तेही दाखवलं. आईचं या शाळेबद्दलचं मत तिथे बदललं.

निकाल आणि चौथा निर्णय

१९ जुलै २०२४ रोजी उच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारीची अधिसूचना रद्द केली. मूळ कायद्याने खासगी शाळांवर टाकलेलं बंधन नियमांमधून काढून घेता येत नाही, हा निकालाचा गाभा. खासगी शाळांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तिथे ऑगस्टमध्ये हाच निर्णय कायम राहिला. २० जुलैला सोडतीचा निकाल लागला आणि राज्यात ९३ हजारांवर मुलांची निवड झाली. या मुलीला दुसऱ्या पसंतीची शाळा मिळाली.

एसएमएस आला नाही. नेहमीच असं होतं, म्हणून पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्थिती बघत राहावं लागतं. निवडपत्र आणि हमीपत्राची छापील प्रत, मूळ कागद आणि त्यांच्या दोन-दोन प्रती घेऊन पडताळणी समितीकडे जायचं, तिथे शिक्का घेऊन मग शाळेत. प्रवेशाची पहिली मुदत ३१ जुलै होती.

शाळेने सांगितलं, जागा भरल्या. हे अर्धं खरं होतं. फेब्रुवारी ते मे या काळात, नवा नियम लागू असताना, काही शाळांनी राखीव जागांवर फी भरणारी मुलं घेतली होती. उच्च न्यायालयाने त्या मुलांच्या प्रवेशांना हात लावला नाही, पण २५ टक्के जागा भरल्याच पाहिजेत, त्यासाठी गरज पडल्यास पट वाढवावा, असं स्पष्ट केलं होतं. पालकांनी शाळेत वाद घातला नाही. शाळेकडून नकार लेखी मागितला, तो मिळाला नाही, तेव्हा त्याच दिवशी महापालिकेच्या शिक्षण विभागात निवडपत्राची प्रत जोडून अर्ज दिला आणि पोच घेतली. तीन दिवसांत शाळेतून बोलावणं आलं. तोंडी नकाराला तोंडी उत्तर देत बसण्यापेक्षा पोच असलेला एक कागद जास्त काम करतो.

पण त्याआधी घरात एक खरा प्रश्न उभा राहिला होता: जायचंच का? मुलगी रुळली होती, बाई चांगल्या होत्या. वडील म्हणाले, 'इथं बरं चाललंय की.' आईचा आग्रह कायम राहिला, आणि तिचं कारण आता पक्कं होतं: आठवीपर्यंतची सोय एकदाच होते, पुन्हा ही संधी नाही. आरटीईचा प्रवेश आठवीपर्यंत टिकतो हे खरं आहे. नववीत पूर्ण फी भरावी लागते हेही तितकंच खरं, आणि त्याचा विचार या घरात तेव्हा झाला नाही. मुलगी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नव्या शाळेत गेली.

प्रवेशानंतर

पहिले दोन महिने जड गेले. वर्ग सात आठवडे पुढे होता. बाकीची मुलं नर्सरीपासून इंग्रजी ऐकत आलेली, ही 'मे आय गो टू टॉयलेट' म्हणता येत नाही म्हणून दुपारपर्यंत थांबायची. हे आईला तिसऱ्या आठवड्यात कळलं. वर्गशिक्षिकेला सांगितल्यावर त्यांनी मराठीत विचारलं तरी चालेल असं वर्गात जाहीर केलं. दहा मिनिटांचं काम होतं, पण सांगायला कोणी नव्हतं.

शाळेचे सगळे निरोप व्हॉट्सअॅप गटावर इंग्रजीत यायचे. आई ते भाषांतराच्या अॅपवर वाचू लागली. घरी मराठी वाचन सोडायचं नाही, असं ठरलं. महापालिका शाळेतून मिळालेलं बालभारतीचं पुस्तक रोज पंधरा मिनिटं वाचायचं, आधी आईने, मग मुलीने. ज्या भाषेत बोलता येतं तिच्यात वाचन पक्कं झालं की दुसऱ्या भाषेतलं वाचन सोपं जातं, हे शिक्षकांना चांगलं ठाऊक आहे. घाबरलेले पालक मात्र नेमकं तेच बंद करतात.

पैशांचं म्हणाल तर फी शून्य. गणवेश, बूट आणि खासगी प्रकाशनाची पुस्तकं यांचे पैसे मागितले गेले. कायद्याने मोफत शिक्षणात हेही येतं असा आग्रह धरता आला असता. कुटुंबाने धरला नाही, शिलाईच्या कामातून ते भरले. वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेशी वाकडं नको, हा त्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. पण असे हिशेब घराघरांत होतात म्हणूनच ही प्रथा टिकते.

आणखी एक गोष्ट बदलली, ती सहसा लक्षात येत नाही. महापालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असायलाच हव्यात. विनाअनुदानित खासगी शाळेला ही समिती लागू नाही. तिथे फी नियमन कायद्याखालचा पालक-शिक्षक संघ असतो, त्याचं मुख्य काम फी ठरवण्याशी निगडित, आणि फी न भरणाऱ्या पालकाला तिथे बोलायला संकोच वाटतो. म्हणजे शाळा निवडण्याचा हक्क वापरताना शाळा चालवण्यातला वाटा हातून गेला.

संशोधनाकडे पाहिलं तर

सोडतीने प्रवेश दिले की संशोधकांना एक दुर्मीळ संधी मिळते. नाव लागलेली आणि न लागलेली मुलं सारख्याच घरांतली असतात, त्यामुळे फरक शाळेचा की घराचा हे वेगळं करता येतं. अमेरिकेत चार्टर शाळांचा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वायत्तपणे चालणाऱ्या शाळांचा, पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला. बोस्टनमधल्या चार्टर शाळांच्या सोडतींवरून झालेल्या अभ्यासांत मुलांची, विशेषतः गणितातली, मोठी प्रगती दिसली. त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शहराबाहेरच्या चार्टर शाळांत ती दिसली नाही.

आपल्याला जवळचा अभ्यास आंध्र प्रदेशातला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी १८० गावांत सोडतीने खासगी शाळेची फी भागवणारी व्हाउचर दिली आणि चार वर्षं मुलांचा माग ठेवला. तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली, हिंदीत खासगीतली पुढे. मात्र खासगी शाळांचा प्रतिविद्यार्थी खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. दिल्लीतल्या खासगी शाळांचा गौतम राव यांचा अभ्यास वेगळ्याच गोष्टीकडे बघतो. गरीब वर्गमित्र मिळालेली श्रीमंत मुलं अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी झाली, आणि त्यांच्या अभ्यासाचं म्हणण्यासारखं नुकसान झालं नाही.

या घराला यातून काय सांगता आलं असतं? खासगी म्हणजे आपोआप जास्त शिकणं नव्हे. त्या वर्गात बाई कशा आहेत आणि घरी रोज काय वाचलं जातं, यावर जास्त अवलंबून आहे. आणि मुलीच्या शेजारी बसणाऱ्या मुलांनाही या प्रवेशातून काही मिळतं, म्हणून तिथे उपकाराखाली दबून बसण्याचं कारण नाही. राज्याकडे दरवर्षी निवड झालेल्या आणि प्रतीक्षायादीत राहिलेल्या हजारो मुलांच्या याद्या असतात. तिसरीत आणि पाचवीत दोन्ही गटांची वाचन-गणिताची चाचणी घेतली, तर २५ टक्क्यांच्या वादाला आकड्यांचा आधार मिळेल.

निष्पत्ती आणि वेगळं काय करता आलं असतं

वर्षअखेरीस मुलगी मराठी सलग वाचू लागली, इंग्रजीत छोटी वाक्यं वाचू लागली, गणितात वर्गाबरोबर आली. घरी थांबवलेल्या शेजारच्या मुलांपैकी ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांची नावं ऑगस्टमध्ये महापालिकेच्या शाळेत लागली, आणि त्यांचे पहिले दोन महिने गेले ते गेलेच.

भाडेकरार डिसेंबरमध्येच नोंदवायला हवा होता. न्यायालयाची स्थगिती आली नसती, तर हातात कागद नसताना मुदत संपली असती. महापालिकेच्या शाळेत मेमध्येच जाऊन बाईंना भेटायला हवं होतं. मग पर्याय दोन चांगल्या शाळांतला आहे हे आधी कळलं असतं, आणि जूनमधली घालमेल टळली असती. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी वर्गशिक्षिकेला, मुलीला इंग्रजी येत नाही, तिला मराठीत विचारू द्या, असं सांगायला हवं होतं. नववीच्या फीसाठी आतापासून महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकणं गरजेचं आहे. ते सुरू झालं आहे, टपाल खात्यातल्या आवर्ती ठेवीत.

शासनाच्या बाजूने एकच गोष्ट पुरेशी होती: प्रवेशाच्या तोंडावर नियम न बदलणं. २०२५-२६ ची प्रक्रिया १४ जानेवारीलाच सुरू झाली आणि सोडत फेब्रुवारीत निघाली. निकाल जूनच्या कितीतरी आधी हातात असेल, तर वर उल्लेखलेले निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

धाकट्याची पाळी आता येईल. मोठी बहीण त्याच शाळेत आहे म्हणून त्याला आरटीईत प्राधान्य मिळणार नाही, त्याचाही नंबर सोडतीतच लागायचा. घरमालकांशी बोलून पुढचा करार नोव्हेंबरपासून सुरू होईल असा बसवला आहे, म्हणजे जानेवारीत अर्ज उघडतील तेव्हा तो चालू असेल. आणि महापालिकेच्या शाळेत, त्याच बाईंच्या वर्गात, त्याला दोन दिवस बसवून बघायचं आईने ठरवलं आहे.